बदकांच्या पायाखाली काय अंथरायचं?

खाडीकाठच्या गावांत अंगणात बदकं पाळणारी घरं आजही आहेत. शहरातही मुलांच्या हट्टापायी बाजारातून दोन-चार पिल्लं घरी येतात. दाणापाण्यात आपण कसर ठेवत नाही, पण त्यांच्या पायाखाली काय टाकायचं हे कुणी विचारत नाही. पिल्लू दगावलं की 'थंडी बाधली' किंवा 'नजर लागली' म्हणून मोकळे होतो. पुष्कळदा खरं कारण असतं ओलं अंथरूण.

कोंबडीची गोष्ट वेगळी. बदक पाणी पितं त्याहून जास्त सांडतं, आणि त्याच्या विष्ठेत सुमारे ९० टक्के पाणीच असतं. त्यामुळे अंथरूण लवकर भिजतं. ओल्या घाणीतून अमोनिया वायू निघतो आणि डोळे चुरचुरतात, श्वासाला त्रास होतो. दमट पेंढ्यावर ॲस्परजिलस नावाची बुरशीही वाढते. तिचे बीजकण फुफ्फुसात गेले की पिल्लू चोच उघडी ठेवून धापा टाकू लागतं. मग उपचार कठीण. म्हणून अंथरूण निवडताना पहिला सवाल हाच, की ते कोरडं किती राहील?

सुताराकडे रंधा मारताना निघणाऱ्या लाकडाच्या मोठ्या ढलप्या सगळ्यात बऱ्या. त्या पाणी शोषतात आणि धूळ कमी उडते. मात्र लाकूड साधं, बिनरंगाचं हवं. प्लायवूड आणि एमडीएफचा भुसा आणू नका, त्यात डिंक आणि रसायनं असतात. तीव्र वासाच्या देवदारासारख्या लाकडाचा भुसाही टाळा. करवतीचा पिठासारखा बारीक भुसा नाकात जातो आणि लहान पिल्लं तो खाणं समजून गिळतात.

कोकणात भाताचं तूस सहज मिळतं. ते पाणी कमी शोषतं, पण स्वस्त असतं आणि वारा लागला की लवकर सुकतं. मोठ्या बदकांना चालतं, फक्त वरचेवर हलवत राहा. पेंढा मऊ आणि उबदार खरा, पण वरून कोरडा दिसला तरी खाली ओल धरतो. वापरायचाच तर कापून, कडक वाळलेला वापरा. काळे डाग पडलेला किंवा कुबट वासाचा पेंढा फुकट मिळाला तरी घेऊ नका.

रद्दीचा कागद सोयीचा वाटतो, पण गुळगुळीत कागदावर पिल्लांचे पाय घसरून दोन्ही बाजूंना फाकतात आणि कायमचं अधूपण येऊ शकतं. पहिले काही दिवस, पिल्लं दाणा ओळखायला शिकेपर्यंत, जाड खरखरीत सुती कापड अंथरा. धागे लोंबत असतील तर कापून टाका, पायात अडकतात. नुसती फरशी किंवा तारेची जाळीही नको. बदकाच्या तळव्याची कातडी नाजूक असते. तिथे जखम होऊन गाठ धरते आणि बदक लंगडू लागतं.

गादी तीन-चार इंच जाड ठेवा. पाण्याचं भांडं गादीवर न ठेवता पसरट ट्रेवर जाळी टाकून त्यावर ठेवा, म्हणजे सांडलेलं खाली साठेल. गादी कोरडी राहावी म्हणून पाणी तोडू नका. बदकाला खाताना पाणी लागतंच, आणि नाकपुड्या-डोळे धुवायला डोकं बुडवता येईल इतकं खोल भांडं हवं.

गादी बदलायची वेळ कशी ओळखायची? मूठभर अंथरूण दाबून पाहा. हात उघडल्यावर गोळा तसाच राहिला तर ते फार ओलं आहे. दुसरं, खाली वाकून, बदकाच्या उंचीवर नाक नेऊन वास घ्या. आपल्याला उभ्याने जाणवत नाही ते पिल्लू रात्रभर हुंगत असतं. ओला भाग रोज काढा, वर कोरडं घाला. पावसाळ्यात पूर्ण गादी लवकर बदलावी लागते, तेव्हा ढलप्यांचं एक पोतं आधीच कोरड्या जागी ठेवलेलं बरं.

हे काम मुलं हौसेने करतात, करू द्या. फक्त नाकातोंडाला रुमाल बांधायला लावा आणि नंतर साबणाने हात धुवायला सांगा, कारण बदकाच्या विष्ठेतून साल्मोनेलाचे जंतू पसरतात. काढलेलं अंथरूण फेकू नका. खड्ड्यात कुजवलं की परसातल्या झाडांना चांगलं खत होतं.