बाळ रडत नव्हते

गेल्या पावसाळ्यात केळापूरच्या आमच्या घरी आधी मी खोकलो, मग बाबा, मग ताई. ताई बाळंतपणाला माहेरी आलेली. बाळ अठरा दिवसांचे. एके सकाळी ते एकाएकी शांत झाले. आजी कौतुकाने म्हणाली, "लय गुणाचं लेकरू हाये, रडत बी नाही!" दुपारपर्यंत कोणाच्या ध्यानात आले नाही की त्याने सकाळपासून दूधच ओढलेले नाही.

कला शाखेच्या विद्यार्थ्याने वैद्यकावर कशाला लिहावे, असे प्राध्यापकांना वाटेल. पण त्या दिवशी घरात सर्वांत जास्त शिकलेला मीच होतो, आणि मला काहीच ठाऊक नव्हते.

फ्ल्यू म्हणजे ताप, अंगदुखी, खोकला ही आपली समजूत मोठ्यांपुरती खरी. नवजात बाळाला ताप येईलच असे नाही. कधी अंग गारही पडते. ते दूध सोडते, मलूल पडते, श्वास भराभर चालतो, क्वचित मध्येच थांबतो. फासळ्यांखालची जागा आत ओढली जाऊ लागली की आपल्याकडे 'डब्बा झाला' म्हणतात आणि डाग द्यायला निघतात. डागाने फक्त जखमेची भर पडते.

आशाताई आल्या. त्यांनी बाळाचे पोट उघडे करून, घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट श्वास मोजले. 72. पुन्हा मोजले, 70. दोन महिन्यांच्या आतील बाळाला 60 किंवा अधिक म्हणजे धोका. अशा साध्या मोजणीचे मोल गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने दाखवून दिले. गावच्याच आरोग्यदूत स्त्रियांनी घरोघर नवजातांची काळजी घेतली, आजार ओळखून उपचार केले, आणि त्या 39 गावांत नवजात-मृत्यू 62 टक्क्यांनी घटले. हा अभ्यास 1999 साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आला.

ताईने बाळ उघड्या छातीशी धरून वर शाल घेतली. आधी पांढरकवडा, तेथून यवतमाळ. तेथे प्राणवायू लावला, काढलेले दूध नळीने दिले, नाकातला नमुना घेतला. प्रतिजैविकही लगेच सुरू केले. विषाणूवर ते चालत नाही, मग कशाला, असे मी विचारले. डॉक्टर म्हणाल्या, "एवढ्या लहान बाळात जंतुदोष आणि फ्ल्यू वरून सारखेच दिसतात, अहवालाची वाट पाहता येत नाही." अहवालात फ्ल्यू निघाला, तेव्हा ऑसेल्टामिविर वजनाप्रमाणे मोजून पाच दिवस दिले. घरातले खोकल्याचे औषध वा ॲस्पिरिन चुकूनही द्यायचे नसते. ताई तोंडाला मुखपट्टी बांधून दूध देत राहिली. दूध तोडायचे नसते.

फ्ल्यूची लस सहा महिन्यांच्या आत बाळाला देता येत नाही. गरोदरपणी आईने घेतली तर तिचे संरक्षण बाळाला मिळते. हे आम्हाला तेथे कळले, उशिरा.

बारसे लांबले. त्या दिवशी ओव्याची धुरी मी बंद ठेवली आणि खोकणाऱ्या दोन काकांना अंगणातच बसवले. त्यांतले एक अजून माझ्याशी बोलत नाहीत.