ठेच खाणारा यंत्रमानव

मूल तासभर संगणकापुढे बसून एकच खेळ हरत राहिले, की आपण वडीलमाणसे चटकन म्हणतो, "पुरे झालं आता, वेळ फुकट चाललाय!" पण तो खरोखरच फुकट जातो का? एका जुन्या खेळाच्या आधाराने हे पाहू या.

१९८४ साली अमेरिकेतल्या 'द लर्निंग कंपनी'ने 'रोबोट ओडिसी' नावाचा व्हिडिओ गेम काढला. माइक वॉलेस आणि लेस्ली ग्रिम हे त्याचे कर्ते. खेळाडू स्वप्नात यंत्रमानवांच्या भूमिगत नगरीत पडतो. सोबतीला तीन यंत्रमानव. त्यांच्या पोटात शिरायचे, तारा जोडायच्या, त्यांच्याकडून कामे करून घ्यायची आणि मजल दरमजल घर गाठायचे. पोटातल्या भागांत 'आणि', 'किंवा', 'नाही' अशी विजेची फाटके असतात. 'आणि'चे फाटक दोन्ही तारांत वीज आली तरच उघडते, 'किंवा'चे एकीत आली तरी पुरे, आणि 'नाही'चे काम नेमके उलटे. आपले आजचे संगणकही याच तत्त्वावर चालतात.

आता समजा, यंत्रमानवाने दोन भिंतींमध्ये सारख्या येरझारा घालाव्यात अशी आपली इच्छा आहे. मूल म्हणते, सोपं आहे! भिंत लागली की खबर देणाऱ्या भागाची तार मागे ढकलणाऱ्या इंजिनाला जोडली की झालं. यंत्रमानव भिंतीला लागतो, जरासा मागे सरकतो, आणि थांबतो! मूल चिडते. पण चूक कुणाची? भिंत सुटताच खबर बंद, आणि खबर बंद म्हणजे इंजिनही बंद. 'शेवटी कोणती भिंत लागली' हे लक्षात ठेवणारे काहीतरी हवे. तो भाग म्हणजे 'फ्लिप-फ्लॉप'. तो जोडला की येरझारा सुरू! 'यंत्राची स्मृती' हा शब्द पाठ करून जे उमगले नसते, ते त्या चिडण्यातून उमगले.

पुढच्यास ठेच, मागचा शहाणा, ही म्हण खरी. पण इथे ठेच ज्याची त्यालाच लागते. यंत्र आपल्या मनातले करीत नाही, आपण जोडले तेवढेच करते. म्हणून त्याच्यावर रागावून भागत नाही, तार पाहावी लागते.

अर्थात सगळाच त्रास गुणकारी नसतो. हा खेळ फार अवघड म्हणूनच गाजला, आणि पुष्कळांनी तो अर्ध्यावर सोडला. प्रत्येक चुकीतून काही नवे कळत असेल, तोवर चिडणे हा अभ्यासच. तीच चूक तशीच वारंवार होऊ लागली, की तो नुसता छळ. अशा वेळी वडिलांनी उत्तर सांगू नये आणि खेळही बंद करू नये. शेजारी बसावे आणि विचारावे, "तुला काय होईल असं वाटलं होतं? आणि झालं काय?" मग एका वेळी एकच तार बदलायला सांगावी.

एवढे केले, तर तो तास फुकट गेला असे म्हणण्याची पाळी येणार नाही.