अस्सलाची देखभाल

साताऱ्याच्या एका वाचकांनी पत्राने विचारणा केली आहे की, त्यांच्या माळ्यावर तीस वर्षांपूर्वीचा एक ४८६ जातीचा संगणक पडून असून, लहानपणी त्यावर ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ खेळलेल्या त्यांच्या चिरंजीवांनी तो दुरुस्त करण्याचा घाट घातला आहे. तोच खेळ आजच्या कोणत्याही संगणकावर एम्युलेटरच्या साहाय्याने सुखेनैव खेळता येत असता, हा खटाटोप विज्ञानाच्या दृष्टीने समर्थनीय मानावा, की भंगारवाल्यास बोलावून माळा मोकळा करावा?

प्रश्न रास्त आहे. संगणक जुना झाला म्हणजे त्याचा मेंदू झिजतो असा सार्वत्रिक समज आहे. वस्तुतः सिलिकॉनची चकती, तिच्यावर भलता विद्युत्‌दाब न आल्यास, बहुधा मालकाहूनही दीर्घायुषी ठरते, आणि यंत्राचा घात करतात ते तिच्या दिमतीला दिलेले चार-दोन रुपयांचे रासायनिक नोकर. त्या काळच्या पुष्कळ मदरबोर्डांवर, घड्याळ चालू राहावे व हार्ड डिस्कचा तपशील स्मरणात राहावा म्हणून, ३.६ व्होल्टची निकेल-कॅडमियमची बॅटरी सोल्डर केलेली असे. कालांतराने तिच्यातील पोटॅशियम हायड्रॉक्साइड पाझरू लागते, तांब्याच्या रेषांवर हिरवा कळंक चढतो, आणि कोकणासारख्या दमट मुलखात तर हा कारभार अधिकच जोमाने चालतो. उपाय मात्र शाळेतल्या रसायनशास्त्राचाच आहे: बॅटरी कापून काढावी, अल्क मारण्यासाठी व्हिनेगर लावावे, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने बोर्ड धुऊन पूर्ण वाळवावा, आणि तुटलेल्या रेषा मल्टिमीटरने शोधून त्यांवर बारीक तारेचे पूल बांधावेत.

दुसरा नोकर म्हणजे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर, आणि त्याची कथा न्यायाच्या नेहमीच्या कल्पनांना धक्का देणारी आहे. १९९९ ते २००७ च्या सुमारास बनलेल्या असंख्य मदरबोर्डांवर सदोष द्रवाचे कपॅसिटर बसले. त्यांतील पाण्याची ॲल्युमिनियमशी प्रक्रिया होऊन हायड्रोजन निर्माण होई, डबीचे डोके फुगे आणि अखेर फुटे. परिणाम असा की पेंटियम-४ चा तरुण संगणक गतप्राण होतो आणि त्याहून दहा वर्षांनी वडील असलेला ४८६ केवळ बॅटरी बदलून उठून बसतो. एक इशारा मात्र हौशी मंडळींनी हुकमासारखा मानावा: पॉवर सप्लायमधील मोठ्या कपॅसिटरांत प्लग काढल्यावरही तीनशेहून अधिक व्होल्ट दबा धरून बसलेले असू शकतात, आणि रंगीत पिक्चर ट्यूबवरील दाब वीस हजार व्होल्टच्या घरात जातो, तेथे अनुभवी माणसाखेरीज कोणी हात घालू नये.

आता मूळ मुद्दा. एम्युलेटर म्हणजे नव्या यंत्राने घेतलेले जुन्या यंत्राचे सोंग; ते उत्तम वठत असेल तर अस्सल यंत्र हवे कशाला? याचे उत्तर असे की त्या काळचे खेळ यंत्रावर लिहिलेले नव्हते, तर यंत्रातून घडविलेले होते. जॉर्डन मेकनर यांनी १९८९ साली ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ पूर्ण केला तो ॲपल-२ या तेव्हाच कालबाह्य होऊ लागलेल्या संगणकासाठी; ४८६ वर चालणारी आवृत्ती मागाहून आली. राजपुत्राच्या चालीत जो मानवी डौल आहे तो मेकनर यांच्या धाकट्या भावाच्या धावण्या-उडी मारण्याच्या चित्रफितीवरून चौकटीमागून चौकट गिरवून आणलेला. आणि त्या चौकटींनीच स्मरणसाठा असा व्यापला की राजपुत्राला तुल्यबळ शत्रूची नवी आकृती ठेवण्यास जागा उरली नाही. तेव्हा त्याच आकृतीची तिच्याच एका बिंदूने सरकविलेल्या प्रतीशी ‘एक्सक्लूझिव्ह-ऑर’ ही तार्किक क्रिया करून एक झगमगती छाया काढण्यात आली, आणि खेळातील अविस्मरणीय असा छायापुरुष जन्मास आला.

यंत्राच्या मर्यादेप्रमाणे यंत्राची नाडीही खेळात भिनलेली असे, आणि त्या नाडीचा उगम मोठा मनोरंजक आहे. १९८१ च्या ऑगस्टमध्ये आयबीएमने आपला पर्सनल कॉम्प्युटर बाजारात आणला, तेव्हा त्यातील इंटेल ८०८८ हा प्रोसेसर ५ मेगाहर्ट्‌झपर्यंत चालण्यास समर्थ असूनही त्याला ४.७७ मेगाहर्ट्‌झ या विक्षिप्त गतीवर चालविण्यात आले. कारण काटकसरीच्या धोरणाने एकाच स्फटिकाकडून अनेक कामे करवून घ्यावयाची होती. चित्र अमेरिकन रंगीत टेलिव्हिजनवर दाखविता यावे यासाठी १४.३१८१८ मेगाहर्ट्‌झचा स्फटिक लागे, हा आकडा टेलिव्हिजनच्या रंगसंकेताच्या ३.५७९५४५ मेगाहर्ट्‌झची बरोबर चौपट; त्याला तिनाने भागले की प्रोसेसरची गती मिळे, बाराने भागले की कालमापकाची, आणि तिला पुन्हा ६५,५३६ ने भागले की सेकंदाला १८.२ ठोके पडत. १९५३ साली अमेरिकन सरकारने रंगीत टेलिव्हिजनच्या पद्धतीवर केलेले शिक्कामोर्तब अशा रीतीने आयबीएमच्या घराण्यातील, डॉस या त्या काळच्या कार्यप्रणालीवर चालणाऱ्या प्रत्येक संगणकाच्या ठोक्यांत उतरले. जेथे रंगीत टेलिव्हिजन १९८२ साली आणि तेही निराळ्या पॅल पद्धतीने आला, त्या भारतातील संगणकही या फर्मानातून सुटले नाहीत. (मौज अशी की ३.५७९५४५ हा आकडा अलीकडच्या संगणकांतही एका कालमापकात निमूटपणे नांदतो आहे.)

सगळेच प्रोग्रामर या ठोक्यांचा आधार घेत नसत. कित्येकांनी प्रोसेसरला निरर्थक आवर्तने मोजावयास लावून वेळ काढला. त्यामुळे वेगवान संगणकावर तेच खेळ इतक्या वेगाने धावत की खेळाडूचे बोट कळफलकावर पोहोचण्यापूर्वी डाव आटोपे. आपल्याकडील शिकवणी-वर्गांतील संगणकांवर दिसणारे टर्बो बटण यासाठीच होते, आणि नावाने वेगाचा आव आणणाऱ्या त्या बटणाचे खरे कर्तव्य यंत्राला मंद करणे हेच होते.

आणि ध्वनी! येथे मला एका अशा गृहस्थांविषयी लिहिल्यावाचून राहवत नाही, ज्यांच्या शोधाचा नाद लक्षावधी मुलांनी ऐकला पण नाव क्वचितच कोणी ऐकले. जॉन चौनिंग हे अभियंते नव्हेत; ते तालवाद्य वाजविणारे संगीतरचनाकार. बेल प्रयोगशाळेच्या मॅक्स मॅथ्यूज यांचा संगणक-संगीतावरील १९६३ चा लेख वाचून ते या मार्गाला लागले आणि १९६७ साली स्टॅनफर्डमध्ये कृत्रिम स्वराला कंप देण्याचे प्रयोग करू लागले. गवई स्वर हलवितो तेव्हा त्याची कंप्रता सेकंदाला पाच-सहा वेळा वर-खाली होते, आणि तो हेलकावा आपणांस स्पष्ट ऐकू येतो. चौनिंग यांनी तोच हेलकावा वाढवीत वाढवीत सेकंदाला शेकडो वेळांवर नेला, तेव्हा कानाला हेलकावा जाणवेनासा झाला आणि स्वराची जातच पालटली: दोनच साध्या तरंगांतून घंटेचा टणत्कार, पितळी वाद्याचा रुबाब, लाकडावरचा आघात निर्माण होऊ लागला. अमेरिकेतील ऑर्गन बनविणाऱ्या कंपन्यांना या शोधाचे मोल कळले नाही, जपानच्या यामाहाला कळले. आणि ज्या विद्यापीठाने चौनिंग यांना कायम नेमणूक नाकारली होती, त्यालाच पुढे या शोधाच्या १९७७ च्या पेटंटातून अपार स्वामित्वधन मिळाले; चौनिंग यांना सन्मानाने परत बोलाविण्याची सुबुद्धी त्याला त्यापूर्वीच झालेली होती हे त्याचे नशीब. १९८७ मध्ये क्यूबेकच्या ॲडलिब कार्डावर आणि १९८९ मध्ये सिंगापूरच्या साउंड ब्लास्टरवर बसलेली यामाहाची वायएम-३८१२ ही चिप म्हणजे या सिद्धांताची स्वस्त आवृत्ती. डॉस खेळांतील तो किंचित धातूसारखा नाद तिचाच.

जुन्या कार्डांचे व्यापारी म्हणतात की अस्सल चिपच्या नादात जो जिवंतपणा आहे तो एम्युलेटरला साधत नाही, आणि या जिवंतपणाची किंमत ते सढळ हाताने लावतात. मला हे पटत नाही. काही चिकित्सक मंडळींनी त्या चिपचे वेष्टन काढून, सूक्ष्मदर्शकाखाली तिची छायाचित्रे घेऊन, आतील स्वरतक्ते वाचले. त्यावरून लिहिलेली सोंगे इतकी चोख आहेत की सामान्य कानाने फरक ओळखल्याची बढाई मारू नये. पण नक्कल चोख झाली ती अस्सल हाती होते म्हणून. भारत इतिहास संशोधक मंडळात मोडी कागदाची नागरी प्रत कितीही सुवाच्य असली तरी वाद उत्पन्न होताच अभ्यासक मूळ कागदाशी मुकाबला करतो; चालू स्थितीतील जुना संगणक हा त्याच अर्थाने मूळ कागद होय. प्रत्येक घरात तो असण्याची गरज नाही, पण तो कोठेच नसला तर प्रतीची साक्ष कोण काढणार?

मेकनर यांच्याच बाबतीत याचा प्रत्यय आला. ‘प्रिन्स’चा हरवलेला मूळ प्रोग्राम २०१२ साली त्यांच्या वडिलांना, म्हणजे या खेळाचे संगीत रचणाऱ्या गृहस्थांनाच, घरातील एका खोक्यात फ्लॉपींवर सापडला, तो वाचता आला तो जुनी यंत्रे व त्यांचे संकेत जिवंत ठेवणाऱ्या जेसन स्कॉट आदी मंडळींमुळे. तेव्हा आमच्या वाचकांना सल्ला एवढाच की, संगणक सुरू करण्यापूर्वी बॅटरी काढावी, बुरशी न लागलेल्या फ्लॉपींच्या प्रती प्रथम करून घ्याव्यात, थकलेल्या हार्ड डिस्कच्या जागी कॉम्पॅक्ट फ्लॅश कार्ड जोडून द्यावे, आणि चिरंजीवांना अडवू नये.

कारण प्रश्न खेळांपुरता नाही. पुण्याच्या सी-डॅकने प्रसृत केलेले जिस्ट कार्ड संगणकाच्या खाचेत बसवून त्या काळी डॉसवर देवनागरी लिहिली जात असे, आणि तशा मजकुराच्या फ्लॉपी कोणाच्या कपाटात निघाल्या तर त्या वाचण्यास हेच कसब लागेल: बॅटरीचा कळंक धुणे, फ्लॉपी ड्राइव्हचे डोके स्वच्छ करणे, विस्मृत संकेतांशी झगडणे. ज्या ग्रंथालयांकडे व दफ्तरखान्यांकडे मराठी कागदांची जबाबदारी आहे, त्यांनी निदान एक डॉस संगणक चालू स्थितीत ठेवावा, त्याच्या देखभालीस एखाद्या खेळवेड्या तरुणास नेमावे, आणि कामाच्या वेळेत तो राजपुत्राला उड्या मारायला लावताना सापडला तरी ती यंत्राची तपासणीच समजून त्याचा पगार कापू नये.