शेजार बदलला की रसायन बदलते

शाळेच्या पुस्तकात निष्क्रिय वायूंची ओळख एका वाक्यात उरकते: बाहेरचे कवच पूर्ण भरलेले, म्हणून अभिक्रिया नाही. 1962 साली नील बार्टलेट यांनी झेनॉनचे संयुग तयार केले आणि या समजुतीला तडा गेला. तरीही एक गृहीतक तसेच राहिले. अणूचा स्वभाव अणूतच असतो, भोवतालचे वातावरण फार तर त्याला थोडे पुढेमागे ढकलते, असे आपण मानतो. निष्क्रिय वायू गोठवून त्यात हॅलोजनचे मोजके अणू अडकवायचे आणि त्यावर प्रकाश टाकायचा, या प्रयोगांनी मात्र वेगळेच दाखवले आहे. प्रकाश पडला की भोवतालचे अणू नुसते बघे राहत नाहीत, ते अभिक्रियेत उतरतात.

आधी वायुरूपातला हिशेब पाहू. झेनॉनचा एक इलेक्ट्रॉन काढायला 12.13 इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा लागते. तो क्लोरीनने घेतला की 3.61 परत मिळतात. म्हणजे साडेआठची तूट. झेनॉनचा धन आणि क्लोरीनचा ऋण आयन जवळ आले की त्यांच्यातले आकर्षण या तुटीचा निम्म्याहून अधिक भाग भरून काढते. उरलेली ऊर्जा बाहेरून पुरवावी लागते. एक्झायमर लेसरमध्ये ती विजेच्या विसर्जनातून मिळते. अशी जोडी क्षणभरच टिकते आणि मोडताना 308 नॅनोमीटरचा अतिनील प्रकाश सोडते.

आता हीच जोडी झेनॉनच्या स्फटिकात पाहू. 1980च्या दशकात कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन येथील शाखेत फजार्डो आणि अप्कारियन यांनी क्लोरीन मिसळलेल्या घन झेनॉनवर अतिनील लेसर सोडला. परत आलेला प्रकाश 570 नॅनोमीटरच्या आसपासचा होता, म्हणजे डोळ्यांना पिवळसर दिसणारा. अतिनील प्रकाश इतका खाली का घसरला? स्फटिकात धन प्रभार एका झेनॉन अणूवर थांबत नाही. शेजारचा दुसरा झेनॉन तो वाटून घेतो आणि क्लोरीनसह तीन अणूंचा नवा गट तयार होतो. द्रवरूप झेनॉनमध्येही हाच गट बनतो, त्यामुळे हा केवळ स्फटिकाच्या ठराविक मांडणीचा परिणाम म्हणता येत नाही. घन झेनॉनमध्ये आणखी एक गोष्ट घडते. काही धन प्रभार क्लोरीनपासून दूर सरकतात आणि जाळीत अडकून बसतात. लेसर बंद केल्यावरही ती ऊर्जा साठून राहते. नमुना किंचित तापवला की प्रभार पुन्हा भेटतात आणि घन पदार्थ आपोआप उजळतो. एकट्यादुकट्या जोडीला हे शक्यच नाही.

यावर आक्षेप येईल की ही सारी क्षणभंगुर उत्तेजित अवस्था आहे, खरा रेणू यातून कुठे मिळाला? त्याचे उत्तर हेलसिंकी विद्यापीठातून 2000 साली आले. मार्कू रॅसानेन यांच्या गटाने हायड्रोजन फ्लोराइड आणि अरगॉन यांचे मिश्रण 7.5 केल्व्हिन, म्हणजे उणे 265 अंश सेल्सियसच्या खालच्या, थंड खिडकीवर गोठवले. अतिनील प्रकाशाने हायड्रोजन आणि फ्लोरीन वेगळे झाले. थोडी ऊब दिल्यावर हायड्रोजन, अरगॉन आणि फ्लोरीन असा एका ओळीतला रेणू दिसला. अरगॉनचा वेगळा समस्थानिक वापरला तेव्हा अवरक्त वर्णपटातल्या रेषा अपेक्षेप्रमाणे सरकल्या. अरगॉन रेणूच्या बाहेर असता, तर त्या तशा सरकल्या नसत्या. हा रेणू केवळ बर्फाच्या पकडीमुळे टिकतो असेही नाही. गणितानुसार एकट्या रेणूलाही मोडण्यापूर्वी ऊर्जेचा अडसर ओलांडावा लागतो. पण तो घडायला मात्र प्रकाशही लागला आणि अरगॉनचा वेढाही.

दुसरा आक्षेप उपयोगाचा. इतक्या थंडीतल्या गोष्टीचे आपल्याला काय? 1989 साली अरगॉनच्या स्फटिकातल्या झेनॉन फ्लोराइडपासून चालणारा लेसर करून दाखवला गेला, म्हणजे उपयोगाची दिशा तेव्हाच दिसली होती. पण माझ्या मते मोठे कारण निराळे आहे. पानातले प्रकाशसंश्लेषण असो, डोळ्यातली दृष्टी असो की हिमकणावरची अभिक्रिया, निसर्गातले प्रकाशरसायन बहुतेक वेळा दाटीतच घडते. त्या दाटीत प्रत्येक शेजाऱ्याचा वाटा वेगळा काढणे जवळजवळ अशक्य असते. निष्क्रिय वायूचे अणू गोल, एकसारखे आणि आतल्या कंपनांपासून मुक्त असतात. म्हणून शेजाराचा परिणाम इथेच स्वच्छ मोजता येतो. जे अणू सर्वांत अलिप्त मानले गेले, तेच जर प्रकाशात प्रभार वाटून घेत असतील, तर पाणी किंवा प्रथिने कोरी करकरीत पार्श्वभूमी राहतील, असे मानायला आधार नाही. म्हणून विद्यार्थ्याला अभिक्रिया शिकवताना कोणते पदार्थ, इतकेच सांगून थांबू नये. त्या कोणत्या माध्यमात घडतात, हेही समीकरणाचाच भाग म्हणून शिकवायला हवे.