दोष स्पीकरचा की मोजणीचा?

नवा स्पीकर कानाला गोड वाटला की बहुतेकांचे समाधान होते. काही हौशी मंडळी मात्र मोजणीचा माइक लॅपटॉपला जोडतात आणि २० हर्ट्‌झपासून २० हजार हर्ट्‌झपर्यंत चढत जाणारा स्वर वाजवून आलेख काढतात. इटलीतील पार्मा विद्यापीठाचे अँजेलो फारिना यांनी २००० साली मांडलेल्या या पद्धतीत स्पीकरमधली विकृती वेगळी काढून दाखवता येते. ती दिसली की स्पीकर परत करण्याची भाषा सुरू होते. प्रत्यक्षात अनेकदा चुकलेली असते ती माइकची इनपुट पातळी, म्हणजेच गेन.

डिजिटल ध्वनिमुद्रणात शून्य डेसिबल हे छत. सिग्नल त्याला भिडला की लहरीचा माथा सपाट कापला जातो आणि मूळ स्वराच्या तिप्पट, पाचपट कंप्रतेचे नवे स्वर तयार होतात. ते स्पीकरने काढलेलेच नसतात, पण संगणकाला हा फरक कळत नाही.

म्हणून पातळी अगदी तळाला नेली, तर सर्किटची खरखर वर येते. शिवाय खोलीचा गोंगाट असतोच. एक टक्का विकृती म्हणजे मूळ स्वराच्या ४० डेसिबल खालचा आवाज. शांत खोलीत गोंगाट ३० डेसिबल आणि स्वर ७५ डेसिबल असेल, तर मध्ये जागा उरते ४५ डेसिबल. पंखा लावला की तीही गेली. इथे गेन वाढवून काही साधत नाही, तो पंख्यालाही तेवढाच मोठा करतो. त्यापेक्षा पंखा बंद करावा, माइक स्पीकरपासून मीटरभर अंतरावर आणावा किंवा स्वर अधिक वेळ चालवावा.

आधी स्पीकरचा आवाज ठरवावा, मग गेन. सर्वांत मोठा स्वर छताच्या ६ ते १२ डेसिबल खाली राहिला पाहिजे. भिंतींमुळे एखादा खर्ज स्वर अचानक फुगतो, म्हणून संपूर्ण पट्टा एकदा वाजवून पाहावा. तरीही विकृती दिसलीच, तर गेन ६ डेसिबलने उतरवून पुन्हा मोजावे. ती नाहीशी झाली तर स्पीकर निर्दोष. फोनच्या माइकवर ही परीक्षा नको. अनेक फोन पातळी आपल्या मनानेच वरखाली करतात.

स्पीकरचा आवाज वाढवून गोंगाटावर मात करण्याचा मोह मात्र महागात पडू शकतो. उंच स्वर मोठ्याने सलग वाजला तर ट्वीटरची बारीक तार जळते. कानांचा हिशेबही कडक आहे. अमेरिकेतील व्यावसायिक आरोग्य संस्थेच्या शिफारशीनुसार ८५ डेसिबलला मर्यादा दिवसाला आठ तासांची आणि दर ३ डेसिबल वाढीला ती निम्मी. १०० डेसिबलला उरतात १५ मिनिटे.