बिघडलेल्या ब्लॉकपासून

उपेंद्रकिशोर रायचौधुरींनी मुलांसाठी बंगालीत रामायण लिहिलं. चित्रंही स्वतःच काढली. १८९०च्या दशकातली ही गोष्ट. कलकत्त्यात तेव्हा पुस्तकातलं चित्र छापायचं तर आधी एखादा कारागीर ते लाकडाच्या ठशावर कोरून काढायचा आणि मग चित्रकाराच्या हातचं जे काही उरेल ते वाचकापर्यंत पोचायचं. या रामायणात फारसं काही उरलं नाही. छापून आलेलं पुस्तक पाहून उपेंद्रकिशोर खट्टू झाले. अशा वेळी प्रकाशकाशी भांडता येतं, दुसरा छापखाना गाठता येतो, नाहीतर मुलांचंच तर पुस्तक आहे म्हणून सोडूनही देता येतं. त्यांनी ब्लॉक करण्याचं शास्त्रच शिकायला घेतलं.

शिकवणारं जवळपास कुणी नव्हतं. त्यांनी इंग्लंडहून पुस्तकं मागवली, पाठोपाठ १८९५ साली कॅमेरा आणि बाकीची यंत्रसामग्री मागवली आणि राहत्या घरातच कामाला सुरुवात केली. कंपनीचं नाव आधी ‘यू. राय’, पुढे ‘यू. राय अँड सन्स’. या एका छापखान्याच्या आसऱ्याने रायांच्या घरात तीन पिढ्या मुलांसाठी लिहिणारी, चित्रं काढणारी माणसं झाली. बालसाहित्याचे इतिहास त्यांच्या प्रतिभेबद्दल भरभरून बोलतात, छापखान्याबद्दल एखादं वाक्य लिहून पुढे जातात. मला तो छापखाना अधिक महत्त्वाचा वाटतो.

उपेंद्रकिशोरांचा जन्म १८६३चा, मैमनसिंग जिल्ह्यातल्या मसुआ गावचा. आज ते बांगलादेशात आहे. जन्मनाव कामदारंजन. जमीनदार नातलगाला दत्तक गेल्यावर नाव बदललं. कलकत्त्याला आल्यावर ब्राह्मो समाजात गेले. व्हायोलिन वाजवायचे, खगोलशास्त्रावर मुलांसाठी लिहायचे, रवींद्रनाथांशी स्नेह होता आणि त्यांच्या ‘नदी’साठी चित्रंही काढली होती. सासरे द्वारकानाथ गांगुली ब्राह्मो समाजातले मोठे सुधारक. त्यांच्या दुसऱ्या पत्नी कादंबिनी यांनी १८८६ साली कलकत्त्यात वैद्यकीचं शिक्षण पुरं केलं. आपल्या आनंदीबाई जोशी अमेरिकेत डॉक्टर झाल्या त्याच वर्षी. अशा गोतावळ्यात मुलींनी लिहिणं, चित्रं काढणं यात कुणाला नवल वाटत नव्हतं, हे पुढे उपयोगी पडलं.

उपेंद्रकिशोरांनी हाफटोनमध्ये नेमकं काय केलं ते समजायला छापखान्याची जुनी अडचण माहीत हवी. शाई एकच, काळी. ती कागदावर लागते किंवा लागत नाही. करडी छटा तिला ठाऊक नाही. फोटो किंवा रंगचित्र मात्र सगळं छटांचंच असतं. त्यावरचा तोडगा म्हणजे हाफटोन, म्हणजेच चित्राचे ठिपके करणं. कॅमेऱ्यात फोटोच्या प्लेटच्या किंचित पुढे एक काच बसवतात, तिच्यावर उभ्याआडव्या अतिबारीक रेघांची जाळी असते. जाळीच्या चौकोनांतून आलेला प्रकाश प्लेटवर ठिपके उमटवतो आणि चित्राचा तो भाग किती उजळ किंवा गडद आहे त्यावर ठिपका लहानमोठा होतो. हे ठिपके तांब्याच्या पत्र्यावर उतरवून मधली जागा रसायनाने खाऊन टाकली की ब्लॉक तयार. छापल्यावर डोळ्याला ठिपके दिसत नाहीत, छटा दिसतात.

गोम होती ती जाळी आणि प्लेट यांच्यातल्या अंतरात. ते थोडं चुकलं की चित्र राखाडी, मळकट होऊन जातं. भिंगाचं तोंड किती उघडायचं, त्या भोकाचा आकार कसा ठेवायचा, याचाही परिणाम होतो. विलायतेतले कारागीर हे सगळं सवयीने, अंदाजाने जमवायचे. उपेंद्रकिशोरांनी जाळीचं अंतर, भिंगाचं तोंड आणि कॅमेऱ्याची लांबी यांचं गणित मांडलं. लंडनहून निघणाऱ्या ‘पेनरोज’ या छपाईविषयक वार्षिकात १८९७पासून त्यांचे लेख येऊ लागले आणि तिथली जाणती मंडळी ते गंभीरपणे वाचत होती. इंग्लंडला ते कधी गेले नाहीत. मुलांच्या पुस्तकातला हनुमान नीट छापला जावा म्हणून सुरू केलेली खटपट हाफटोनच्या सिद्धांतापर्यंत पोचली होती.

हा व्याप सांभाळून त्यांचं लेखन चालूच होतं. १९१०मध्ये ‘टुनटुनीर बोई’ आलं. पूर्व बंगालात आयाबाया संध्याकाळी पोरांना जागं ठेवायला सांगत त्या गोष्टी: पानं शिवून घरटं करणारा इवलासा शिंपी पक्षी, हुशार कोल्हा, मूर्ख वाघ. १९१३च्या एप्रिलात, बंगाली नववर्षाच्या वैशाखात, ‘संदेश’ मासिक निघालं. मराठीत वासुदेव गोविंद आपट्यांचं ‘आनंद’ त्याआधीच, १९०६ साली सुरू झालेलं होतं. म्हणजे मुलांसाठी मासिक ही कल्पना नवी नव्हती. नवेपण होतं ते एवढंच की संपादक, लेखक, चित्रकार, ब्लॉक करणारा आणि छापखान्याचा मालक एकच माणूस होता. मुखपृष्ठ रंगीत, आतली चित्रं स्वच्छ. गूपी आणि बाघा या बेसूर जोडगोळीची गोष्ट १९१५मध्ये याच मासिकात आली. त्याच वर्षाच्या डिसेंबरात उपेंद्रकिशोर गेले.

त्याच्या वर्षभर आधी त्यांनी गडपार रोडवर, १०० नंबरला, स्वतःची इमारत बांधून घेतली होती. पुढच्या बाजूला छापखाना, मागे कुटुंब. खाली यंत्र चालायचं आणि वर पोरं वाढायची.

थोरला मुलगा सुकुमार तोवर तयार झाला होता. प्रेसिडेन्सी कॉलेजातून भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र घेऊन पदवी, मग १९११ साली शिष्यवृत्ती मिळवून इंग्लंड. पोरगा साहित्य किंवा चित्रकला शिकायला गेला नव्हता. गेला होता फोटो-एनग्रेव्हिंग आणि लिथोग्राफी शिकायला, आधी लंडनला, नंतर मँचेस्टरला. तिथे असताना त्यांनीही ‘पेनरोज’मध्ये हाफटोनवर लेख लिहिला. पुढे रॉयल फोटोग्राफिक सोसायटीने त्यांना फेलो केलं. भारतीय भाषांत निरर्थाची, वेडगळ वाटणारी कविता लिहिण्यात ज्यांचा हात कुणी धरू शकलेलं नाही, त्यांचं शिक्षण हे असं.

सुकुमारांनी चित्रकलेचे धडे कधी घेतले नाहीत आणि ते चित्रांत दिसतंही. पण दोन प्राण्यांना मध्येच जोडून तिसरा प्राणी करायचा, म्हणजे बदक आणि साळिंदर एकाच धडावर बसवायचे, तर जोड कुठे येणार हे त्यांना पक्कं माहीत असतं. त्यांचे प्राणी अशक्य आहेत, तरी शरीररचना पटते. मला वाटतं हा विज्ञानाच्या विद्यार्थ्याचा हात आहे. शिवाय कवितेची ओळ कुठे मोडणार आणि चित्र पानावर कुठे बसणार हे ठरवणारा माणूस एकच असल्याने शब्द आणि रेषा एकमेकांच्या अंगावर येत नाहीत. आपल्याकडे अजूनही कविता एकाकडून, चित्र दुसऱ्याकडून आणि मांडणी तिसऱ्याकडून येते, आणि पान उघडल्या उघडल्या ते कळतं.

१९२१मध्ये मुलाचा, सत्यजितचा, जन्म झाला आणि त्याच सुमारास सुकुमारांना काळाआजार जडला. उपेंद्रनाथ ब्रह्मचारी याच शहरात त्यावर औषध शोधत होते, पण ते हुकमी उपचार म्हणून रुळेपर्यंत उशीर झाला. सुकुमार अडीच वर्षं आजारी होते आणि अंथरुणातूनच ‘संदेश’साठी लिहीत, चित्रं काढत राहिले. आयुष्यातलं पहिलं कवितांचं पुस्तक, ‘आबोल ताबोल’, त्यांनी मुखपृष्ठापासून मांडणीपर्यंत पडल्या पडल्या सिद्ध केलं. रवींद्रनाथ भेटायला आले, सुकुमारांच्या इच्छेवरून गाणी म्हणाले. १० सप्टेंबर १९२३ रोजी सुकुमार गेले, वय पस्तीस. पुस्तक १९ तारखेला बाहेर आलं.

इथून पुढची गोष्ट व्यवहाराची आहे आणि बालसाहित्याच्या कौतुकात ती सहसा कुणी सांगत नाही. धाकटे भाऊ सुबिनय यांनी मासिक आणि कंपनी ओढून नेली, पण काही वर्षांतच यू. राय अँड सन्स दिवाळखोरीत गेली. गडपार रोडचं घर विकलं गेलं. आज तिथे शाळा भरते. सुकुमारांच्या पत्नी सुप्रभा पाच-सहा वर्षांच्या मुलाला घेऊन भवानीपूरला भावाच्या घरी राहायला गेल्या आणि विधवांच्या संस्थेत शिवणकाम शिकवू लागल्या. ‘संदेश’ बंद पडलं, मध्ये पुन्हा निघालं, पुन्हा बंद पडलं. आशियातल्या उत्तम ब्लॉक करणाऱ्यांत ज्यांची गणना व्हावी अशांनी चालवलेलं मासिक दोघांच्या मृत्यूनंतर तग धरू शकलं नाही. मुलांचं मासिक फायद्यात चालत नाही, त्याला कुणाच्या तरी दुसऱ्या कमाईचा टेकू लागतो, हे बंगालीत खरं होतं तसं मराठीतही आहे.

सत्यजित राय (आपण ज्यांना रे म्हणतो) यांनी ‘जखन छोटो छिलाम’ या बालपणीच्या आठवणींत गडपारच्या छापखान्याबद्दल लिहिलंय. ब्लॉक करणारा रामदहिन होता, उपेंद्रकिशोरांच्या हाताखाली शिकलेला. छोटा सत्यजित कागदावर काहीबाही रेघोट्या मारून त्याच्याकडे न्यायचा, हे ‘संदेश’साठी आहे म्हणून सांगायचा. रामदहिन लगेच कबूल व्हायचा आणि पोराला उचलून भल्यामोठ्या कॅमेऱ्याच्या काचेत त्याचंच चित्र उलटं पडलेलं दाखवायचा. टर्पेंटाइनचा वास आला की मोठेपणीही त्यांना तो छापखाना आठवे.

छापखाना गेला, पण हुन्नर वेगळ्या वाटेने परत आला. शांतिनिकेतनात नंदलाल बोस आणि बिनोदबिहारी मुखर्जींकडे शिकून सत्यजित १९४३मध्ये डी. जे. कीमर या जाहिरात कंपनीत ऐंशी रुपये महिन्यावर लागले. तिथल्याच दिलीपकुमार गुप्तांनी सिग्नेट प्रेस काढली आणि मुखपृष्ठांचं काम त्यांच्याकडे आलं. नेहरूंचं ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ आणि जिम कॉर्बेटच्या कुमाऊंच्या नरभक्षकांचं पुस्तक, दोन्हींची मुखपृष्ठं त्यांची. ‘पथेर पांचाली’ या कादंबरीची मुलांसाठी काढलेली छोटी आवृत्ती ‘आम आँटीर भेंपू’, तिचीही चित्रं त्यांनी काढली. अपू आणि दुर्गा ही भावंडं त्यांना पहिल्यांदा नीट दिसली ती या चित्रांच्या निमित्ताने. पुढे याच कथेवर त्यांनी केलेल्या, जगभर गाजलेल्या सिनेमाची पहिली रेखाटनं मुलांच्या पुस्तकात आहेत, हे सिनेमावाल्यांनी जरा जास्त वेळा सांगायला हरकत नाही.

१९६१ साली कवी सुभाष मुखोपाध्याय यांच्या साथीने त्यांनी ‘संदेश’ पुन्हा सुरू केलं. स्वतः चाळिशीत, तोपर्यंत अपूचे तिन्ही सिनेमे जगाने पाहिलेले. मासिकाची पानं भरायची तर गोष्टी हव्यात, म्हणून गोष्टी लिहायला लागले. शास्त्रज्ञ प्रोफेसर शोंकू त्याच वर्षी अवतरला. गुप्तहेर फेलूदा १९६५मध्ये. सिनेमाच्या दोन शूटिंगांमध्ये लिहिणं, चित्रं काढणं, इतरांच्या कथांना चित्रं देणं, मुखपृष्ठ करणं, सगळं चालू. दुसऱ्याच्या कथेला चित्र काढताना ते आपली शैली बाजूला ठेवून त्या कथेला मानवेल अशी रेषा शोधत. जुने अंक चाळताना काही चित्रं एकाच माणसाची आहेत यावर विश्वास बसत नाही.

एकट्यावर हे चाललं नाही. उपेंद्रकिशोरांच्या पुतणी लीला मजुमदार संपादनात आल्या. त्यांची पहिली गोष्ट १९२२मध्ये जुन्या ‘संदेश’मध्ये आली होती, तेव्हा त्या चौदा वर्षांच्या होत्या. आकाशवाणीची नोकरी, संसार आणि मुलांसाठी डझनांनी पुस्तकं, अशी त्यांची वाटचाल. दुसऱ्या नलिनी दास, सुकुमारांची बहीण पुण्यलता यांची मुलगी, बेथ्यून कॉलेजच्या प्राचार्य. मुलींच्या गुप्तहेर टोळीच्या गोष्टी त्यांनी लिहिल्या आणि मासिकाचं रोजचं काम, पत्रव्यवहारापासून वर्गणीपर्यंत, त्यांच्या घरातून चाले. मासिक चालवायला सहकारी संस्था काढली होती, सुकुमारांच्या नावाने. बाहेर नाव सत्यजितांचं. खस्ता काढल्या त्या या दोघींनी, असं मला वाटतं.

पैशाचा प्रश्न तसाच राहिला. ‘संदेश’ने जन्माला घातलेला फेलूदा १९७०पासून ‘देश’ या नियतकालिकाच्या पूजा अंकांत कादंबऱ्यांमधून येऊ लागला, पुस्तकं आनंद पब्लिशर्स काढू लागले. सत्यजितांच्या घराला स्थिर उत्पन्न मिळालं ते मुख्यतः या पुस्तकांच्या मानधनातून. त्यांचे बंगाली सिनेमे नावाच्या मानाने पैसा फार देत नव्हते. उपेंद्रकिशोरांनी मुलांच्या मासिकाला छापखान्याच्या कमाईतून पोसलं होतं. नातवाच्या बाबतीत हिशेब पालटला आणि सिनेमावाल्याला मुलांच्या पुस्तकांनी पोसलं.

फेलूदा महाराष्ट्रातही येऊन गेला. ‘कैलासे केलेंकारी’मध्ये मूर्तिचोरांच्या मागावर तो वेरूळला पोचतो आणि दुसऱ्या एका गोष्टीत मुंबईला, हिंदी सिनेमाच्या दुनियेत. अशोक जैन यांनी या गोष्टी मराठीत आणल्या, रोहन प्रकाशनाने छापल्या आणि आपल्याकडच्या मुलांच्या एका पिढीला फास्टर फेणेच्या शेजारच्या फळीवर हा लांब टांगांचा, चारमिनार ओढणारा बंगाली गुप्तहेर मिळाला.

सत्यजित १९९२मध्ये गेले, नलिनी दास पुढच्याच वर्षी. मासिक संदीप राय यांच्याकडे आलं. ‘मुलांसाठी एखादा सिनेमा कर’ असा धोशा लावून ज्या मुलाने वडिलांकडून १९६९ साली ‘गूपी गाइन बाघा बाइन’ करवून घेतला, तेच हे संदीप. नव्या शतकात त्यांनी स्वतः फेलूदाच्या मुंबईच्या आणि वेरूळच्या गोष्टींचे सिनेमे केले आणि ‘संदेश’चं संपादनही सांभाळलं.