एक आडनाव, दोन घाट

परवा धुळ्याला माहेरी गेले होते. माहेरपणाला नव्हे हं, कागदपत्रांच्या कामाला! वडील गेल्यानंतर सात-बारावर वारसांची नावं लावायची होती. माझ्या शाळेच्या दाखल्यावर माहेरचं आडनाव, आधार कार्डावर सासरचं. कचेरीतल्या साहेबांनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले, चष्मा वर सरकवला आणि विचारलं, "या दोन्ही बाया तुम्हीच कशावरून?" लग्नाला सत्तावीस वर्षं झाली, मुलं हाताशी आली, आणि मी मीच आहे हे आता प्रतिज्ञापत्र करून सांगायचं!

तशीच धुसफुसत दुसऱ्या दिवशी कन्नडला मावसबहिणीकडे निघाले. एसटीने चाळीसगाव सोडलं आणि घाट लागला. शेजारी एक म्हातारी भिल्ल आजी बसली होती. मांडीवर गाठोडं, हातभर गोंदण. बाहेर अभयारण्याची पाटी दिसली तशी मी सवयीने मोठ्याने वाचली, "गौताळा औट्रमघाट". आजीने माझ्याकडे वळून विचारलं, "हाऊ औट्रम कोन व्हता वं माय?"

काय सांगणार? लहानपणापासून या घाटाने जातेय. कुणी कन्नड घाट म्हणतं, कुणी औट्रम घाट. "होता कुणीतरी साहेब," एवढंच मला सांगता आलं. आजीने मान डोलावली आणि डोळे मिटून घेतले. मला मात्र चैन पडेना. जळगावला परतल्यावर चार पुस्तकं चाळली, लेकीला मोबाइलवर शोधायला लावलं. आणि मैत्रिणींनो, एका आडनावाचा केवढा पसारा निघाला म्हणून सांगू!

हा साहेब म्हणजे जेम्स औट्रम. जन्म १८०३, इंग्लंडमधल्या डर्बीशायर परगण्यातला. वडील बेंजामिन औट्रम हे इंजिनिअर. आगगाडीच्या आधीच्या काळात लोखंडी पट्ट्यांवरून घोड्यांनी ओढायच्या गाड्यांचे मार्ग ते बांधत. 'औट्रम'मधला 'औ' गळाला आणि 'ट्राम' हा शब्द तयार झाला, असं पुष्कळ लोक मानतात. ऐकायला छान वाटतं, पण ते खरं नाही. हा शब्द तिकडच्या खाणींमध्ये बेंजामिनच्या आधीपासून होता. मुंबईत १८७४ ते १९६४ अशी नव्वद वर्षं धावलेल्या ट्रामशी या घराण्याचा संबंध कानाला वाटतो तेवढाच!

बेंजामिन १८०५ मध्ये अचानक गेला. व्यवहार सगळे गुंत्यात. जेम्स तेव्हा अवघा दोन वर्षांचा. त्याची आई मार्गारेट ही शेतीशास्त्रावर लिहिणाऱ्या जेम्स अँडरसन यांची मुलगी. पदरात लहान लहान मुलं आणि हातात पैसा नाही. पुढे ती मुलांना घेऊन स्कॉटलंडमधल्या अबर्डीनला गेली आणि काटकसरीत त्यांना वाढवलं. आपल्याकडे घरोघरी अशी एखादी आजी सापडते, नाही का? सोळाव्या वर्षी, १८१९ मध्ये, जेम्स कंपनी सरकारच्या फौजेत भरती होऊन हिंदुस्थानात आला.

आणि १८२५ मध्ये तो आपल्या खानदेशात आला. पेशवाई बुडून सात वर्षं झाली होती. सातपुडा आणि सातमाळ्याच्या डोंगरातले भिल्ल इंग्रजांना दाद देत नव्हते. त्यांच्यातलेच तरुण घेऊन भिल्लांची पलटण उभी करायची, हे काम या बावीस वर्षांच्या पोरावर सोपवलं गेलं. ठाणं होतं आपलं धरणगाव. त्याने आधी छापे घालून माणसं धरली. मग काहींना सोडून दिलं आणि सांगितलं, उरलेल्यांच्या नातलगांना घेऊन या, म्हणजे सगळ्यांना सोडतो. पुढे तो एकटाच त्यांच्या रानात गेला, पहारा न ठेवता त्यांच्यात राहिला, त्यांना ब्रँडी पाजली, त्यांच्याबरोबर वाघांची शिकार केली. अखेर पाच धाडसी नाईक त्याच्या बाजूला आले आणि तिथून पलटण वाढत गेली. साहेब शूर होता, माणसं जोडणारा होता, हे खरंच. पण जंगलच्या राजांना सरकारी चाकर करणारा तो, हेही तितकंच खरं.

दहा वर्षांनी तो खानदेशातून गेला, आडनाव मात्र घाटाला चिकटून राहिलं. पुढे १९८६ मध्ये तिथे अभयारण्य झालं, तर त्याच्या नावातही औट्रम आलाच. गंमत म्हणजे कोलकात्यातही एक औट्रम घाट आहे! तो डोंगरातला नव्हे, हुगळी नदीकाठचा. संक्रांतीच्या सुमारास गंगासागरला जाणाऱ्या यात्रेकरूंची तिथे गर्दी उसळते. आपला घाट चढायचा, त्यांचा उतरायचा, आणि आडनाव एकच. सिंगापूरमध्ये औट्रम रोड आहे, औट्रम पार्क नावाचं मेट्रो स्टेशन आहे. न्यूझीलंडमध्ये डुनेडिन शहराजवळ औट्रम नावाचं छोटंसं गाव आहे. जेम्सचा नातू, तोही जेम्सच, धर्मोपदेशक असून गिर्यारोहक निघाला. कॅनडातलं असिनिबॉइन शिखर १९०१ मध्ये पहिल्यांदा सर करणारा तो. त्याच्या नावाचाही तिकडे एक डोंगर आहे.

सत्यजित राय यांचा 'शतरंज के खिलाडी' (१९७७) तुमच्यापैकी काहींनी पाहिला असेल. त्यात रिचर्ड अ‍ॅटनबरोने रंगवलेला जनरल औट्रम तो हाच. सिंध खालसा केला तो अन्याय होता म्हणून त्या लुटीतला आपला वाटा स्वतःसाठी न ठेवणारा हा माणूस. त्यानेच १८५६ मध्ये लखनौला वाजिद अली शाहचं राज्य खालसा केलं. वरचा हुकूम पाळला, मन काय म्हणत होतं ते त्याचं त्याला ठाऊक. नवाबाच्या आईने, मलिका किश्वरने, मात्र मान तुकवली नाही. म्हाताऱ्या वयात समुद्र ओलांडून ती थेट लंडनला व्हिक्टोरिया राणीकडे दाद मागायला गेली. दाद मिळाली नाही. परतीच्या वाटेवर १८५८ च्या जानेवारीत पॅरिसमध्ये तिचा अंत झाला आणि तिथेच तिला पुरलं. औट्रम १८६३ मध्ये वारला. त्याला लंडनच्या वेस्टमिन्स्टर अ‍ॅबेमध्ये मानाची जागा मिळाली.

हे सगळं वाचताना मनात आलं, हे आडनाव रस्त्याला मिळालं, स्टेशनला मिळालं, डोंगराला मिळालं. पण ज्या मार्गारेटने हा मुलगा वाढवला, तिच्या नावाची पाटी माझ्या तरी वाचनात कुठे आली नाही. ज्यांच्या नातलगांना धरून ठेवलं, त्या भिल्ल बायांची नावं तर कुणी लिहूनच घेतली नाहीत. आणि त्या पलटणीतल्या शिपायांच्या घरी चूल पेटती ठेवणाऱ्या कोण होत्या?

शोधता शोधता एक औट्रमबाईही सापडल्या, बरं का! इतिहासकार डोरिंडा औट्रम. त्यांनी आणखी एका अभ्यासक बाईंबरोबर १९८७ मध्ये एक पुस्तक संपादित केलं. विषय कोणता, तर विज्ञानात काम केलेल्या स्त्रिया, त्यांची कामं आणि त्यांचं घरसंसारातलं आयुष्य. इतिहासात झाकल्या गेलेल्या बायकांची नावं पुढे आणणारं पुस्तक याच आडनावाच्या बाईच्या हातून झालं. वाचून बरं वाटलं.

आपल्याकडेही एक चांगली गोष्ट झाली आहे. १ मे २०२४ किंवा त्यानंतर जन्मलेल्या बाळाच्या नावापुढे आधी आईचं नाव, मग वडिलांचं, मग आडनाव, असं सरकारी कागदांवर लिहायचं महाराष्ट्र सरकारने ठरवलं. म्हणजे आमचा साहेब आज धरणगावात जन्मला असता, तर त्याचं नाव लागलं असतं, जेम्स मार्गारेट बेंजामिन औट्रम. किती भरलेलं वाटतं, नाही?

आडनाव बदलायचं की ठेवायचं, हा ज्या त्या घरचा प्रश्न. मी काही भांडण लावायला निघालेली नाही. पण लेकीला एवढं सांगितलंय, लग्नाआधी आणि लग्नानंतर, दोन्ही नावांचे कागद एका फाइलीत नीट ठेव. आणि सासरी गेलीस तरी वाडवडिलांबरोबर आजी-पणजीची नावंही पाठ असू देत. मी स्वतः वहीत लिहायला बसले, तर आईकडून तीन पिढ्यांवर गाडी अडली. पणजीला सगळे 'मोठी माय' म्हणायचे. तिचं खरं नाव घरात कुणालाच आठवेना.

प्रतिज्ञापत्र झालं, वारसनोंदही होईल. फक्त एक चुटपुट राहून गेली. कन्नडच्या स्टँडवर त्या आजीचं गाठोडं मी उतरवून दिलं, तिने माझ्या गालावरून हात फिरवला आणि ती गर्दीत मिसळून गेली. औट्रम कोण होता, ते आता मी तिला सांगू शकले असते. पण तिचं नाव विचारायचं तर मीसुद्धा विसरलेच!